‘जुना झालाय’ हे निदान नव्हे: बंद पडणाऱ्या डेस्कटॉपचा इतिहास

आजच्या भागाचा नायक बऱ्याच घरांत अजून आहे. हॉलच्या कोपऱ्यात, कम्प्युटर टेबलवर, प्लॅस्टिकच्या कव्हरखाली. बटण दाबलं की पंखा घरघरतो, कधी स्क्रीन येते, कधी येत नाही. आली तरी दहा मिनिटांत सगळं जागच्या जागी गोठतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता जुना झालाय तो, देऊन टाका भंगारात."

माझा आक्षेप आहे तो ‘जुना झालाय’ या दोन शब्दांना. ताप घेऊन गेलेल्या माणसाला डॉक्टरनं "तुमचं वय झालंय" एवढंच सांगून परत पाठवलं, तर आपण डॉक्टर बदलू. संगणकाच्या बाबतीत मात्र हेच निदान आपण मुकाट्यानं ऐकून घेतो. आतली सिलिकॉनची चिप नीट वापरली तर पंधरा-वीस वर्षं सहज काढते. मरतं ते बहुतेक वेळा भोवतालचं काहीतरी: सुकून गेलेला द्रव, काळवंडलेला धातू, धुळीनं जाम झालेला पंखा, झिजलेली डिस्क. प्रत्येकाचं मरण वेगळं आणि लक्षणंही वेगळी. ही लक्षणं वाचायला माणसं कशी शिकली, याला आता ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगतो. आणि घरचा डबा उघडायचाच असेल तर सुरुवात कुठून करायची, ते शेवटी.

अठरा हजार ट्यूब आणि एक पतंग

फेब्रुवारी १९४६. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक नावाचं यंत्र लोकांसमोर आलं. वजन सुमारे ३० टन. आत जवळजवळ १८,००० व्हॅक्यूम ट्यूब. ट्यूब म्हणजे काचेची नळी, बल्बच्या घराण्यातली, आत तापणारी तार असलेली. आता घरातले बल्ब आठवा. कितीही चांगला घेतला तरी एक दिवस जातोच. मग असे १८,००० एकत्र जोडले, तर त्यातला एखादा कायमच गेलेला असणार आणि यंत्र कधी सलग चालणारच नाही, अशी शंका तेव्हाच्या जाणकारांना होती.

एनिॲकचा मुख्य इंजिनिअर प्रेस्पर एकर्ट यानं या शंकेला साधं उत्तर दिलं. ट्यूब जेवढा भार सोसू शकते त्यापेक्षा बऱ्याच कमी भारावर तिला चालवायचं. बैल दहा पोती ओढतो म्हणून रोज दहा लादायची नाहीत, तसं. पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. ट्यूब चालताना क्वचित जातात, यंत्र सुरू-बंद करताना जास्त जातात. तार तापते, निवते, पुन्हा तापते आणि त्या ताणात तुटते. म्हणून यंत्र शक्यतो बंदच करायचं नाही असं ठरलं. हळूहळू ट्यूब जाण्याचं प्रमाण साधारण दोन दिवसांत एक इतकं खाली आलं. १९५४ मध्ये एनिॲक सलग ११६ तास बिनबिघाड चालला.

पण दोन दिवसांत एक म्हणजेही १८,००० मधली नेमकी कुठली, हे शोधणं आलंच. या यंत्रावर काम करणाऱ्या पहिल्या सहा प्रोग्रॅमर मुली होत्या: कॅथलीन मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बायलस आणि रूथ लिक्टरमन. त्यांना कुणी मॅन्युअल दिलं नव्हतं. सर्किटचे नकाशे वाचून त्यांनी यंत्र समजून घेतलं आणि इतकं समजून घेतलं, की उत्तर चुकलं तर गडबड कुठल्या ट्यूबपाशी आहे इथवर त्या पोहोचू शकत. हार्डवेअरचा ‘ट्रबलशूटिंग’ नावाचा जो प्रकार आज आपण यूट्यूबवर बघतो, तो इथून सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्याच वर्षीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डचा मार्क टू संगणक. ७० नंबरच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो काढून चक्क कामाच्या वहीत चिकटवला आणि बग प्रत्यक्षात सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची ओळ शेजारी लिहिली. ती वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. ‘बग’ शब्दाचा जन्म इथे झाला असं सांगतात, ते खरं नाही. यंत्रातल्या खोडीसाठी एडिसननं हा शब्द १८७८ मध्येच वापरला होता. म्हणून तर पतंग सापडल्यावर त्या लोकांना हसू आलं असणार. मला यातली दुसरी बाजू जास्त आवडते. बिघाड कळला कसा? कुणीतरी पॅनेल उघडून आत डोकावलं म्हणून.

मुंबईचा टिफ्रॅक आणि ‘मेंटेनन्स’ नावाची कंपनी

हे सगळं अमेरिकेत चाललं होतं, पण आपणही फार मागे नव्हतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, भारतीय इंजिनिअरांनी स्वतः संगणक बांधला. १९५६ मध्ये त्याची छोटी प्रायोगिक आवृत्ती झाली, पूर्ण यंत्र १९६० मध्ये चालू झालं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. आत २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर. यंत्र इथेच बांधलेलं, त्यामुळे बिघडलं तर उघडणारे हातही इथलेच.

पुढच्या काळात मात्र देशात परदेशी यंत्रं आली आणि त्यात आयबीएमची बरीच होती. १९७८ मध्ये आयबीएमनं भारतातला गाशा गुंडाळला. परकीय भांडवलाची मालकी ४० टक्क्यांपर्यंत खाली आणा, असा सरकारचा आग्रह होता आणि तो कंपनीला मान्य नव्हता. कंपनी गेली, यंत्रं इथेच राहिली. आता ती बिघडली तर बघायचं कुणी?

या प्रश्नाची तयारी आधीच झाली होती. १९७५ मध्ये सरकारनं एक कंपनी काढली होती आणि तिच्या नावातच काम लिहिलेलं होतं: कम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. आयबीएम गेल्यावर देशभरातल्या ८०० हून अधिक ठिकाणच्या यंत्रांची देखभाल तिच्याकडे आली. पुढे हीच सीएमसी. रेल्वेच्या आरक्षणाची संगणक यंत्रणा १९८० च्या दशकात उभी केली ती हिनंच, आणि २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली. आपल्या आयटी उद्योगाची गोष्ट सांगताना आपण कोडिंगपासून सुरुवात करतो. त्या गोष्टीतलं एक मोठं पान दुसऱ्याची यंत्रं चालू ठेवणाऱ्या लोकांचं आहे, ते सहसा राहून जातं.

एक बीप म्हणजे सगळं ठीक

आता डेस्कटॉपकडे येऊ. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमनं आपला पर्सनल कम्प्युटर बाजारात आणला. तो अमुक इतका वेगवान होता म्हणून आज त्याचं नाव घेत नाही. मला त्याच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, तो उघडता येत होता. स्क्रू काढा, कार्ड ओढा, दुसरं बसवा. आयबीएमनं तांत्रिक माहितीचं जे पुस्तक विकलं, त्यात सर्किटचे नकाशेसुद्धा होते. यातूनच पुढे इतर कंपन्यांनी तसेच संगणक बनवले, सुटे भाग जगभर एका मापाचे झाले आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘असेंबल्ड पीसी’ नावाचा प्रकार शक्य झाला. बोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्या, कॅबिनेट तिसऱ्या. नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आलेला पहिला संगणक असाच जुळवलेला होता.

दुसरी गोष्ट, सुरू होताना तो स्वतःची तपासणी करायचा. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्प्लेचं कार्ड आहे का. स्क्रीनच चालत नसेल तर सांगणार कसा? म्हणून स्पीकरमधून बीप. एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक. लांब-आखूड बीपच्या वेगळ्या जोड्या म्हणजे वेगळे बिघाड. पुढे बायोस बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीनं आपापली बीपची भाषा केली, त्यामुळे अवॉर्डचे बीप वेगळे, एएमआयचे वेगळे. पण तत्त्व एकच: यंत्र बोलतंय, ऐकणारा पाहिजे.

दुकानातल्या दुरुस्तीवाल्यांनी यावर एक पद्धत बसवली, ती आजही तितकीच चालते. सगळं काढून टाकायचं. फक्त बोर्ड, प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी आणि वीज. एवढ्यावर बीप आला का? आला तर एकेक वस्तू परत जोडत जायची. ज्या वस्तूवर गाडी अडली, ती संशयित. आम्ही सॉफ्टवेअरवाले ऑफिसात हेच करतो, फक्त त्याला भारी नावं देतो.

फुगलेल्या डब्या

आता आजच्या भागातला सगळ्यात मोठा किस्सा.

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आजूबाजूला छोट्या उभ्या डब्या दिसतात, पेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या. त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यांचं काम समजायला सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. पालिकेचं पाणी कधी जोरात येतं, कधी करंगळीएवढं. पण मध्ये टाकी असली की नळाला धार सारखी येते. कपॅसिटर ही विजेची टाकी. प्रोसेसरला क्षणाक्षणाला कमी-जास्त वीज लागते, ती सारखी मिळावी म्हणून या टाक्या. आत ॲल्युमिनियमची पातळ गुंडाळी आणि कागद. कागद भिजलेला असतो एका द्रवात, त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात.

१९९९ च्या सुमारापासून पुढची काही वर्षं जगभर एक विचित्र प्रकार दिसू लागला. दोन-तीन वर्षांचेच संगणक अचानक बंद पडायचे, आपोआप रीस्टार्ट व्हायचे. उघडून बघितलं तर या डब्यांची डोकी पुरीसारखी फुगलेली, काहींतून तपकिरी चिकट द्रव बाहेर आलेला. इंग्रजीत या प्रकाराला ‘कपॅसिटरची साथ’ अशा अर्थाचं नावच पडलं.

कारण रसायनशास्त्राचं होतं. नव्या प्रोसेसरना झटपट वीज देणारे कपॅसिटर हवे होते आणि पाण्याचं प्रमाण जास्त असलेला इलेक्ट्रोलाइट त्यासाठी चांगला आणि स्वस्त. पण पाणी आणि ॲल्युमिनियम यांचं जमत नाही. दोघांची प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होतो. ती थांबवायला द्रवात काही रसायनं घालावी लागतात. तैवानमधल्या काही उत्पादकांच्या द्रवात ती नीट नव्हती. आत वायू साठत गेला आणि डबी फुगली. डबीच्या डोक्यावर के किंवा अधिकच्या चिन्हासारख्या खाचा असतात, त्या मुद्दाम दिलेल्या असतात. दाब वाढला तर स्फोट होण्याऐवजी तिथून फाटावं म्हणून. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखं.

तेव्हाच्या उद्योगक्षेत्रातल्या मासिकांनी यामागे एक चोरीची गोष्ट छापली. एका जपानी कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसाकडून चीनमार्गे सूत्र तैवानला गेलं, पण अर्धवट. ही गोष्ट फार लोकप्रिय झाली, पण ती पूर्णपणे सिद्ध कधीच झाली नाही. शिवाय सगळा दोष तैवानवर ढकलला की पुढचं प्रकरण कळत नाही.

ते प्रकरण डेलचं. मे २००३ ते जुलै २००५ या काळात डेलनं ऑप्टिप्लेक्स मालिकेतले किमान १ कोटी १८ लाख असे संगणक विकले, ज्यांत सदोष भागांमुळे बिघाड होण्याचा धोका होता. त्यातले कपॅसिटर निचिकॉन या नावाजलेल्या जपानी कंपनीचे होते. २००५ मध्ये डेलनं या दुरुस्त्यांसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. दरम्यान, ग्राहक तक्रारी घेऊन येत होते. एका कंपनीनं कोर्टात खटला भरला, त्यातली कागदपत्रं २०१० मध्ये खुली झाली आणि न्यूयॉर्क टाइम्सनं त्यावर मोठी बातमी केली. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले संगणक बंद पडले, तेव्हा डेलनं त्यांना सांगितलं होतं, की तुम्ही फार अवघड गणितं करून यंत्रांवर ताण आणलात. कंपनीतल्या लोकांच्या आपसातल्या ईमेलमध्ये बोर्ड खराब आहेत असं सूचित करणारी भाषा टाळा, अशा सूचना होत्या. कमाल म्हणजे, या खटल्यात डेलची बाजू लढवणाऱ्या वकिलांच्या फर्मचे एक हजार संगणकही संशयित निघाले आणि ते दुरुस्त करून द्यायलाही डेलनं खळखळ केली!

हा किस्सा मी एवढा लांबवला, कारण आजच्या विषयाचं मर्म इथे आहे. बिघाडाचं कारण कुणाला माहीत आहे, यावर पैसे कुणी भरायचे ते ठरतं. गणित विभागातल्या माणसानं झाकण उघडून फुगलेल्या डब्या बघितल्या असतील, तर त्याला ‘अवघड गणितं’ हे उत्तर पटणार नाही. ज्यानं बघितल्या नाहीत, तो आपल्यालाच दोष देत नवीन संगणक घेईल.

धूळ, उष्णता आणि थोडं गणित

चांगल्या कपॅसिटरलाही वय असतं आणि त्याचं वय उष्णता ठरवते. अनेक कपॅसिटरवर १०५ अंश सेल्सियस असं छापलेलं असतं. समजा उत्पादकानं या तापमानाला २,००० तासांची हमी दिली आहे. अभियंत्यांचा एक ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे ६५ अंशांना ३२,००० तास आणि ५५ अंशांना ६४,००० तास. रोज आठ तास वापर धरला तर अनुक्रमे अकरा वर्षं आणि बावीस वर्षं.

आता यात धूळ आणा. आपल्याकडच्या धुळीत कापसाचे तंतू, केस, उदबत्तीचा आणि फोडणीचा धूर सगळं येतं. ते उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर आणि पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखं बसतं. त्यानं आतलं तापमान १० अंशांनी वाढलं, तर बावीसची अकरा वर्षं होतात. ज्याला आपण ‘म्हातारा झाला’ म्हणतो, त्यातली काही वर्षं या धुळीनंच खाल्लेली असतात.

प्रोसेसरचं थोडं वेगळं आहे. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं एक व्हिडिओ काढला होता. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरून उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा उचलून टाकायचा. तेव्हाच्या एएमडीच्या ॲथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला. इंटेलच्या पेंटियम फोरनं स्वतःचा वेग कमी केला आणि तो वाचला. आजचे सगळेच प्रोसेसर हा दुसरा मार्ग धरतात. म्हणून हल्ली तापलेला संगणक जळत नाही, तो मंद होतो. आणि मंद झाला की आपण काय म्हणतो? बरोबर, ‘जुना झालाय’.

टकटक करणारी डिस्क

हार्ड डिस्क हा डेस्कटॉपमधला सगळ्यात यांत्रिक भाग. १९५६ मध्ये आयबीएमनं पहिली विकली तेव्हा तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि मावत होतं फक्त ५ मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे तुमच्या फोनमधला एखादा फोटो. तत्त्व फारसं बदललेलं नाही. तबकडी गरगर फिरते, वाचणारं डोकं तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर तरंगतं. ते डोकं जागा शोधू शकलं नाही की परत परत मागे जातं आणि आवाज येतो: टक्, टक्, टक्.

२००० मध्ये आलेल्या आयबीएमच्या डेस्कस्टार मालिकेतल्या ७५जीएक्सपी या डिस्क इतक्या जाऊ लागल्या, की लोकांनी त्यांना ‘डेथस्टार’ नाव ठेवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यानंतर थोड्याच काळात आयबीएमनं डिस्कचा धंदाच हिताचीला विकून टाकला.

मग डिस्क जाणार हे आधी कळतं का? १९९० च्या दशकात त्यासाठी स्मार्ट नावाची सोय आली. डिस्क स्वतःच आपल्या चुकांची नोंद ठेवते आणि एखादं मोफत सॉफ्टवेअर टाकून आपल्याला ती वाचता येते. २००७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी आपल्याकडच्या १ लाखाहून जास्त डिस्क तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातले दोन निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहेत. डिस्कच्या तपासणीत पहिली चूक दिसली, की पुढच्या ६० दिवसांत ती जाण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होते. पण उलट बाजूनं, गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे इशारा मिळाला तर ताबडतोब ऐका, पण मिळेलच या भरवशावर राहू नका. फोटोंची दुसरी प्रत हवीच.

खोडरबराची करामत

आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याचं एक आवडतं हत्यार म्हणजे शाळेतलं खोडरबर. रॅमची पट्टी काढायची, सोनेरी दात खोडरबरानं हलकेच घासायचे, परत बसवायची, आणि मेलेला संगणक उठतो. जादू काही नाही. दमट हवेत धातूच्या संपर्कावर मळ आणि गंजाचा पातळ थर बसतो, तापण्या-निवण्यात पट्टी खाचेत किंचित हलते, आणि दोन धातूंमधलं जुळणं सुटतं. कोकणातल्या एका पावसाळ्यात हे सहज होतं. घासण्यानं थर जातो, आणि काढून परत बसवण्यानं निम्मं काम आधीच झालेलं असतं. फक्त जोर लावू नका, सोन्याचा थर फार पातळ असतो.

मेमरीच्या चुकांचा मागही असाच रंजक. १९७० च्या दशकाच्या शेवटी इंटेलमधल्या टिमोथी मे आणि मरी वूड्स यांनी दाखवलं, की चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या अंशातून निघणारे अल्फा कण मेमरीतला शून्याचा एक करू शकतात. त्यानंतर बरीच वर्षं असल्या क्षणिक चुकांकडेच जास्त लक्ष राहिलं. २००९ मध्ये गूगल आणि टोरांटो विद्यापीठ यांच्या अभ्यासात दिसलं, की वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांमध्ये चुका होतात आणि त्यात खरोखर बिघडलेल्या हार्डवेअरचा वाटा मोठा आहे. म्हणून संगणक वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या निळ्या पडद्यांनी बंद पडत असेल, तर विंडोज चौथ्यांदा टाकण्याआधी रात्रभर मेमटेस्ट लावून बघा.

मग घरचा डबा उघडायचा कसा

आता क्रम सांगतो.

सगळ्यात आधी, संगणक अजून चालू होतोय तर फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्क टकटक करत असेल तर बाकी काहीही करण्याआधी हेच. मग संगणक बंद करून पिन भिंतीतून काढा आणि चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज जाईल. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्यातले मोठे कपॅसिटर जोरदार झटका देऊ शकतात. तो संशयित असेल तर दुसरा लावून बघा.

धूळ बाहेर, गच्चीत किंवा गॅलरीत काढा. कोरडा मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरे. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, हवेच्या झोतानं ती गरागरा फिरू देऊ नका. ओलं फडकं नको. प्रोसेसरवरचा ठोकळा काढलात, तर खालची सुकलेली पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावायची.

मग टॉर्च मारून प्रत्येक कपॅसिटरचं डोकं बघा. सपाट हवं. एखादं फुगलेलं दिसलं, तर संगणक मध्येच का बंद पडतो याचं उत्तर बहुधा मिळालं. हातात सोल्डरिंगची कला असलेला कारागीर तो बदलून देतो आणि भागाची किंमत एका वडापावाच्या आसपास असते. तारीख रोज मागे जात असेल तर नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदला. रॅम काढून-घालून बघा. तरीही गप्प असेल, तर मघाची पद्धत: सगळं काढा, बीप ऐका, एकेक जोडा.

एवढं करूनही कधीकधी बोर्डच गेलेला असतो आणि तसा बोर्ड मिळत नाही. ठीक आहे. पण मग तुम्ही म्हणाल, "बोर्ड गेला, डिस्क आणि रॅम चांगली आहे." ते दुसऱ्या यंत्रात लागतील. भंगारातही काय जातंय ते कळून जाईल. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे.

जाता जाता एक नवा प्रकार. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. असंख्य डेस्कटॉप असे आहेत, की ज्यांचा एकही भाग बिघडलेला नाही, पण विंडोज ११ च्या अटींत ते बसत नाहीत. इथे काही सुकलं नाही, गंजलं नाही, फुगलं नाही. म्हातारपण बाहेरून जाहीर झालं. अशा यंत्रात एक साधी एसएसडी आणि लिनक्स टाकलं, तर शाळेतल्या मुलाचा अभ्यास, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म यांसाठी ते आणखी काही वर्षं आरामात चालतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘जुना झालाय’ म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: "नेमकं काय गेलंय?" उत्तर येईपर्यंत भंगारवाल्याला दारात उभं राहू दे. तुमच्या घरच्या डब्यात काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर पंखे साफ ठेवा!